एका शब्दाची हद्द

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेड्यांत ‘जंगल’ आणि ‘फारेस्ट’ हे दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात आहेत; पण ते एकमेकांच्या जागी वापरले जात नाहीत. मोहफुले वेचायला माणूस जंगलात जातो, गुरे जंगलात चरतात, सरपण जंगलातून येते. उलट जमीन ‘फारेस्टची’ असते, नोटीस ‘फारेस्टची’ येते आणि बांबूने भरलेली बैलगाडी ‘फारेस्टवाले’ अडवितात. झाडाझुडपांचा प्रदेश म्हणजे जंगल आणि त्यावर चालणारा हुकूम म्हणजे फारेस्ट, असा हा सरळ भेद आहे. शिकलेली मंडळी याला अडाणीपणा समजतात आणि ‘फॉरेस्ट म्हणजे वन’ असे समजावून सांगू लागतात. वस्तुतः या इंग्रजी शब्दाचा इतिहास तपासला, तर खेड्यातला माणूसच अधिक अचूक बोलतो असे आढळून येईल.

हा इतिहास तपासण्याचे निमित्तही अलीकडेच घडले आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातील ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ही नोंद पसरलेली आहे. तीतील ८६ हजार हेक्टरांहून अधिक जमीन वनव्यवस्थापनास योग्य नाही, असे खुद्द राज्य सरकारचे म्हणणे होते. अशा जमिनींवर शाळा उभ्या आहेत, स्मशाने आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, गरिबांची घरे आणि शेते आहेत. निर्णयानंतर वृत्तपत्रांतून एका बाजूने पर्यावरणाचा विजय झाल्याचे आणि दुसऱ्या बाजूने विकास अडल्याचे लिहिले गेले. मुळात हा वाद एका शब्दाच्या अर्थाचा आहे, आणि तो अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा याचा आहे, हे मात्र क्वचितच कोणी लिहिले.

‘फॉरेस्ट’ या शब्दाच्या उगमाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि बहुतेकांनी स्वीकारलेली व्युत्पत्ती अशी की, तो लॅटिन ‘फोरिस’ या शब्दावरून आला. ‘फोरिस’ म्हणजे दाराबाहेर, बाहेरचे. परका या अर्थाचा इंग्रजी ‘फॉरिन’ हा शब्दही त्याच मुळापासून निघाला. हे मूळ आणि आपल्या ‘दार’ शब्दाच्या मागचा संस्कृत ‘द्वार’ हे दूरचे नातलग आहेत. युरोपातील फ्रँक राजांच्या दानपत्रांत सातव्या शतकापासून ‘फोरेस्तिस’ हा शब्द आढळतो, आणि त्याचा अर्थ झाडी असा नव्हे. सामान्य जनांच्या वहिवाटीबाहेर काढून राजाने स्वतःसाठी राखून ठेवलेला टापू, असा आहे. कशाच्या बाहेर? तर लोकांच्या हक्कांच्या बाहेर.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर हा शब्द व त्यामागचा कायदा तेथे गेला. फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेली भूमी. तीत झाडी असे, तशीच माळरानेही असत, खडकाळ पठारे असत, आणि नांदती गावेही असत. डार्टमूर आणि एक्समूर यांसारखी उघडी-बोडकी पठारे कायद्याने फॉरेस्ट होती. स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या वृक्षहीन डोंगरांना अजूनही ‘डिअर फॉरेस्ट’ म्हणतात. आज आपण ज्याला वनीकरण म्हणतो तो इंग्रजी शब्द त्या काळी झाडे लावण्यासाठी वापरला जात नव्हता. एखादा मुलूख राजाच्या वनकायद्याखाली आणणे म्हणजे वनीकरण, आणि त्यातून मोकळा करणे म्हणजे निर्वनीकरण. त्यासाठी एकही रोप लावावे लागत नसे किंवा एकही झाड तोडावे लागत नसे. आपल्याकडील राजपत्रातल्या अधिसूचना ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

तेथील प्रजेनेही हे निमूटपणे सोसले नाही. १२१५च्या मॅग्ना कार्टाचे नाव पाठ्यपुस्तकांत असते. १२१७च्या वनसनदेचे नसते. पहिल्या सनदेचा लाभ मुख्यतः सरदारांना झाला, तर दुसरीने गुरे चारणे, डुकरे सोडणे, सरपण आणणे अशा वहिवाटी मान्य केल्या आणि राजाचे हरीण मारल्याबद्दल देहान्ताची वा अवयव तोडण्याची शिक्षा बंद केली. ही सनद १९७१पर्यंत इंग्लंडच्या कायद्यात कागदोपत्री का होईना टिकून होती. म्हणजे गवत आणि सरपण यांवरचा सामान्य माणसाचा हक्क ज्या देशाने साडेसातशे वर्षे आपल्या कायद्यात ठेवला, त्याच देशाने हिंदुस्थानात तो हक्क ‘सवलत’ म्हणून मोडीत काढला.

ते कसे घडले, हे कायद्यांच्या शब्दांतून दिसते. १८६४ साली वनखाते स्थापन झाले. १८६५च्या कायद्याने झाडे, झुडपे वा ‘जंगल’ यांनी आच्छादलेली जमीन सरकारी वन म्हणून जाहीर करण्याची मुभा दिली. निदान काही तरी उगवलेले असावे, एवढी अट त्यात होती. १८७८च्या कायद्याने ती अटही काढून टाकली. सरकारच्या मालकीची कोणतीही वनजमीन ‘किंवा पडीक जमीन’ राखीव करता येईल, अशी त्याची भाषा आहे. पडीक म्हणजे काय? जी सरकारला सारा देत नाही ती. गावाची गुरे तीवर जगत असतील, गवत-काटक्या-कंदमुळे तीवरून येत असतील. पण महसुलाच्या वहीत त्या जमिनीपुढे आकडा नाही, म्हणून ती पडीक! अर्थशास्त्रात उत्पन्नाची गणना बाजारभावाने करण्याची जी खोड आहे, तिचा उगम अशा वह्यांत शोधावा लागतो. गौण वनोपज हा शब्दही त्याच वहीतला. मोह, तेंदू, चारोळी, डिंक हे सरकारी तिजोरीच्या दृष्टीने गौण होते. धानोरा किंवा एटापल्लीच्या घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो मुख्यतः त्यांतूनच.

१९२७चा भारतीय वन कायदा आजही चालू आहे. त्यात व्याख्यांचे एक कलम आहे. त्यात इमारती लाकडाची व्याख्या आहे, नदीची आहे, गुरांची आहे, आणि गुरांत हत्तीसुद्धा धरलेला आहे. फक्त वन म्हणजे काय याची व्याख्या त्या वन कायद्यात नाही. ही नजरचूक समजणे भोळेपणाचे होईल. सरकार जाहीर करील ते वन, एवढेच ज्याला म्हणावयाचे असते त्याला व्याख्येची गरज पडत नाही.

या अरेरावीला महाराष्ट्रात विरोध झाला नाही असे नव्हे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८च्या विधेयकाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला होता. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर, टेकड्या व गायराने गिळणाऱ्या जंगल खात्यावर कडाडून टीका केली. १९३०च्या जुलैत लोकनायक अण्यांनी पुसदला सत्याग्रह केला तो राखीव जंगलातील गवत कापून. त्या लढ्याला लोकांनी ‘जंगल सत्याग्रह’ असे नाव दिले, ‘वन सत्याग्रह’ असे नव्हे.

‘जंगल’ हा शब्द तरी आपला आहे काय? आहे, पण त्याचा प्रवास विलक्षण आहे. संस्कृतातील ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ झुडपांचा प्रदेश. आयुर्वेदाने देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले. त्यांतला जांगल हा रुक्ष, आनूप हा पाणथळ व दाट झाडीचा. या हिशेबाने भामरागडला जांगल म्हणणे चरक-सुश्रुतांना मुळीच पटले नसते. पुढे बोलीभाषांत कोणत्याही न कसलेल्या जमिनीला जंगल म्हणू लागले. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या अंमलदारांनी तो शब्द उचलला आणि इंग्रजीत त्याचा अर्थ घनदाट, दमट, भयाण असे अरण्य हा झाला. तेथून तो जगभर गेला. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांच्या हालअपेष्टांवर अप्टन सिंक्लेअर या समाजवादी लेखकाने १९०६ साली जी कादंबरी लिहिली तिचे नाव ‘द जंगल’. तीत एकही झाड महत्त्वाचे नाही. आता गंमत अशी की ‘झुडपी जंगल’ म्हणून ज्या जमिनीची नोंद आहे ती खुरट्या झुडपांची, मुरमाड, चराईची जमीन म्हणजे मूळ संस्कृत अर्थाने तंतोतंत जांगल होय. इंग्रजी अर्थाने मात्र ती वनही नाही आणि जंगलही नाही.

आपल्या जुन्या ‘अरण्य’ शब्दाची कुळकथाही फॉरेस्टपेक्षा फार वेगळी नाही. वेदकाळी ‘अरण’ म्हणजे दूरचा, परका. त्यावरून अरण्य, म्हणजे वस्तीबाहेरचे. तेव्हा जंगलाकडे बाहेरून पाहण्याचा दोष एकट्या नॉर्मन राजांच्या माथी मारता येणार नाही. परंतु मराठीने त्या अरण्याचे ‘रान’ केले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी आज ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो आपल्या शेताकडे निघालेला असतो. परक्या शब्दाला लोकांनी आपल्या वहिवाटीने घरचे केले. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर प्रदेशाचेच नाव झाडीपट्टी. तेथील बोली झाडीबोली, तेथील रंगभूमीही झाडीपट्टीची. या मुलखाने आपली ओळख झाडांवरून सांगितली. त्या झाडांवरचा हक्क मात्र सरकारदफ्तरी दुसऱ्याच नावाने लिहिला गेला.

झुडपी जंगलाचा गुंता येथूनच समजून घेतला पाहिजे. चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तेथे मालगुजार आणि जमीनदार यांची गावे होती, आणि गावाला गुरचराई, सरपण, माती-मुरूम यांचा निस्तार म्हणजे वापराचा हक्क होता. १९५० साली मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५१पासून मालगुजारांकडील पडीक, चराऊ, झुडपी अशी सारी जमीन सरकारजमा झाली. मालगुजार गेला याचा आनंद रास्तच होता. पण जमीन गावाकडे न येता कलेक्टर कचेरीकडे गेली. १९५६ साली हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तीन राज्ये बदलली, तरी सातबाऱ्यावरील ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द तसेच राहिले. महसूल खाते त्यातला ‘झुडपी’ वाचून जमीन वाटीत राहिले आणि वनखाते त्यातला ‘जंगल’ वाचून तीवर हक्क सांगत राहिले.

पुढे १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यातील प्रसिद्ध आदेश आला. निलगिरीतील वृक्षतोडीवरून निघालेल्या या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, ‘फॉरेस्ट’ हा शब्द शब्दकोशातील अर्थाने घ्यावा. आणि त्याशिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली प्रत्येक जमीन, मग तिची मालकी कोणाचीही असो, १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली यावी. हेतू स्तुत्य होता. त्या आदेशाने देशातील किती तरी झाडी वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शब्दकोश कोणत्या भाषेचा? इंग्रजीचा. दप्तर कोणाचे? सरकारचे. ज्या गावाच्या शिवेत ती जमीन होती त्याला विचारण्याची तरतूद ना कोशात होती, ना दप्तरात. २०२५च्या निर्णयाचा पाया हाच आदेश आहे. त्यानुसार १९९६च्या आदेशापूर्वी रीतसर वाटलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळून मागण्याची वाट राज्याला मोकळी ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपाचा मात्र जाब द्यावा लागणार आहे.

हा विस्तृत अर्थ गरिबाला जाचतो, म्हणून अर्थ आखूड करावा, असे काही जण सुचवितात. त्यांत आपल्या चळवळीतील मित्रही आहेत. त्यांनी २०२३च्या दुरुस्तीकडे पाहावे. त्या वर्षी केंद्र सरकारने १९८०च्या कायद्याचे नाव बदलून संस्कृत केले आणि अर्थ आखूडच केला: अधिसूचित वा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर दप्तरी नोंदलेली तेवढीच वने कायद्याखाली राहतील. शिवाय ज्यांना नक्षलप्रभावित ठरविले आहे अशा भागांत निमलष्करी तळांसाठी आणि लोकोपयोगी म्हणविल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी पाच हेक्टरांपर्यंत सूट दिली. या आखूड अर्थाने कोणाची सोय होते? झुडपी जमिनीवर ज्वारी पेरणाऱ्याची नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन शब्दकोशाचा अर्थ तूर्त कायम ठेवला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सुरजागडच्या डोंगरावरील सुमारे ३५० हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा विस्तृत अर्थाच्या काळातच दिला गेला, हेही विसरता येत नाही. अर्थ विस्तृत असला तर खाणीला परवानगी मागावी लागते, आणि ती मिळते. आखूड असला तर मागावीही लागत नाही. वनहक्कदाराला दोन्ही वेळी हेलपाटेच घालावे लागतात.

तिसऱ्या एका अर्थाचाही उल्लेख केला पाहिजे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून मोजणी करते. एक हेक्टराहून मोठ्या जागेवर दहा टक्के वृक्षछत्र दिसले की ते वनाच्छादन. मग तेथे आमराई असो की सागाची एकसुरी लागवड. म्हणजे दप्तरात झाडाविना वन आहे आणि नकाशात वनाविना झाडे आहेत. या दोन बेरजा आलटून पालटून वापरल्या की कोणत्याही वर्षी वने वाढल्याचे सिद्ध करता येते. मिश्र जंगल छाटून सागाचे मळे लावण्याचे काम १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने याच भागात केले. उपग्रहाला तेथे मोह आणि चार नाहीसे झाल्याचे दिसत नाही.

शब्दाचा अर्थ लोकांनी बदलून घेतल्याचे एक उदाहरण मात्र याच मुलखातले आहे, आणि ते बांबूचे. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. १९२७च्या कायद्याने त्याला झाड ठरविले, आणि त्यामुळे तो गावाच्या हातून निघून खात्याच्या व कागद गिरण्यांच्या हाती गेला. बल्लारपूरची गिरणी वर्षानुवर्षे या जिल्ह्यांतील बांबूवर चालली, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बांबूसाठी परवाना मागावा लागला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला. पण जुना कायदा तसाच राहिल्यामुळे एकच काठी एका कायद्याने झाड आणि दुसऱ्याने उपज झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेखाली अनेक वर्षे अभ्यास आणि सत्याग्रह केलेला होता. तरीही बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना खात्याचाच. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती द्यावा लागला. बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढण्यास संसदेला त्यानंतर आणखी सहा वर्षे लागली.

झुडपी जंगलाच्या बाबतीत कार्यकर्त्यांनी हाच धडा घ्यावयास हवा. निर्णय विरोधात गेला म्हणून हळहळत बसण्यापेक्षा त्यातील शब्द हाती घ्यावा. झुडपी जंगल हे वन ठरले असेल, तर त्यावर २००६चा वनहक्क कायदाही लागू होतो. त्या कायद्यातील ‘वनजमीन’ या शब्दाच्या व्याख्येत अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि मानीव वनेही येतात. त्याच कायद्याने निस्ताराचा हक्क नाव घेऊन मान्य केला आहे, आणि दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही हुसकावून लावण्यास मनाई केली आहे. ज्या एका शब्दाने गुराख्याला अतिक्रमक ठरविले, तोच त्याला दावेदार ठरवू शकतो.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा दाखविणे पुरते. इतरांना मात्र त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. चामोर्शी-मुलचेरा भागात १९६०च्या दशकात सरकारनेच वसविलेल्या बंगाली निर्वासितांना किंवा रोजगारासाठी सरकत आलेल्या दलित कुटुंबांना हे अशक्य आहे. त्यांच्यासाठी कायदाच बदलून घ्यावा लागेल, आणि ते काम आदिवासींच्या हक्काशी भांडण न लावता करावयाचे आहे. गावाच्या चराईच्या सामूहिक दाव्यात मात्र या कुटुंबांना बाहेर ठेवण्याचे कारण नाही.

हक्क मिळाला की गावे झाडे तोडून मोकळी होतील, ही भीती शहरांतून वारंवार बोलून दाखविली जाते. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या लहानशा गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबू स्वतः विकते. पण तेंदूपाने तोडणे त्याने स्वतःहून बंद केले. पानांसाठी झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे पाखरांना व माणसांनाही मिळत नाहीत, असा विचार ग्रामसभेने केला. रोख उत्पन्नाचा एवढा मोठा हंगाम कोणत्याही खात्याच्या हुकमाशिवाय सोडून दिल्याचे उदाहरण वनखात्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात सहजी सापडणार नाही.

तेव्हा झुडपी नोंदीच्या गावांत आता हाती घेण्याजोगे काम कागदाचे आहे. जुनी निस्तारपत्रके आणि मालगुजारी काळातील नोंदी महसूल कचेऱ्यांच्या अभिलेखागारांत आहेत. त्यांच्या नकला काढाव्यात. गुरांच्या वाटा, पाणवठे, देवस्थाने, जुनी स्मशाने यांचा नकाशा गावाने स्वतः फिरून करावा. वनहक्काच्या नियमांप्रमाणे वडीलधाऱ्या माणसांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. ऐंशी वर्षांची माणसे गावोगाव अजून आहेत; कोणत्या झुडपात कोणाची गुरे चरत होती हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांच्याकडे पावसाळ्यापूर्वीच जावयास हवे.